'शांघाय' झालेला खलाशी: गुंगीच्या दारूपेक्षा उचल जास्त घातक होती

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या इंग्रजी सागरकथांमध्ये एखादा माणूस 'शांघाय झाला' असं वाक्य येतं. म्हणजे नेमकं काय व्हायचं? गुत्त्यात दारू पाजून किंवा डोक्यात दंडुका घालून माणसाला जहाजावर टाकत, हे खरं की रंगवलेलं? आणि हल्ली आपली मुलं 'मर्चंट नेव्हीत लावतो' म्हणणाऱ्याला लाखो रुपये देतात आणि भलतीकडेच अडकतात, त्यालाही हाच शब्द लावायचा का?

मी आधी जहाजावर अधिकारी होतो, नंतर मुंबईत क्रूइंगमध्ये, म्हणजे जहाजांना माणसं पुरवण्याच्या कामात आलो. करारनामा, ॲडव्हान्स, अलॉटमेंट (पगाराचा भाग दुसऱ्याच्या नावे वळवणं) हे कागद माझ्या रोजच्या हाताखालचे. त्यामुळे या विषयात दंडुक्यापेक्षा कागदाकडे माझं लक्ष आधी जातं. दारू आणि दंडुका दोन्ही घडत होतं, पण धंद्याचा तो लहानसा भाग होता. बहुतेक खलाशी आपल्या पायांनी जहाजावर चढले, करारावर त्यांची सही किंवा फुली होती आणि ते कर्जात बुडालेले होते. त्यांना खरं बांधून ठेवलं दोन गोष्टींनी: पगारावरची उचल, आणि जहाज सोडून जाणं हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरवणारा कायदा.

शब्द अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांशी जोडलेला आहे आणि 19व्या शतकाच्या मध्यानंतर रुळला. सॅन फ्रान्सिस्कोहून शांघायला गेलेला खलाशी लवकर परत येत नसे. दोन-तीन बंदरं आणि अर्धी पृथ्वी पालथी घातल्यावरच तो घरी पोचणार. म्हणून गायब झालेल्या माणसाला 'शांघायला गेला' म्हणू लागले, अशी व्युत्पत्ती सांगतात. शांघाय शहराचा यात काही दोष नाही.

पार्श्वभूमी अशी. 1848 मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर जहाजं येऊन ओस पडू लागली. नांगर पडला की खलाशी, कधीकधी कप्तानसुद्धा, खाणींकडे पळायचा. शेकडो जहाजं खाडीत कुजत उभी होती. 'नायँटिक' नावाचं एक जहाज तर ओढून किनाऱ्याला लावलं, त्याचं गोदाम झालं आणि भोवती शहर वाढलं. 'युफेमिया' या जहाजाचा तुरुंग केला. माल आहे, जहाज आहे, माणूस नाही, अशी अवस्था. पुढे सोन्याची लाट ओसरली तरी माणसांची टंचाई पूर्ण संपली नाही, कारण शिडाच्या जहाजावरचं काम जीवघेणं, पगार कमी, आणि मेट लोकांचा, म्हणजे कप्तानाखालच्या अधिकाऱ्यांचा, मार ठरलेला. आणखी उत्तरेला ओरेगनमधल्या पोर्टलंडला गव्हाचा हंगाम आला की युरोपला धान्य नेणाऱ्या जहाजांची रांग लागायची आणि सगळ्यांना एकाच वेळी माणसं हवी असायची. तिथे दर माणशी भाव चढायचा.

हा भाव ज्याच्या खिशात जायचा त्याला 'क्रिंप' म्हणत. वरकरणी तो खलाशांसाठी बोर्डिंग चालवणारा मालक. जहाज बंदरात शिरतंय तोच त्याचे 'रनर' होडीतून जहाजाला भिडायचे. हातात व्हिस्कीची बाटली, तोंडात गोड भाषा: कशाला थांबतोस, आमच्याकडे चल, दोन दिवस मजा कर, याच्यापेक्षा चांगलं जहाज मिळवून देतो. खलाशी उतरायचा. इथे एक बारकावा आहे, तो कथाकादंबऱ्यांत सहसा येत नाही. सफर पुरी होण्याआधी जहाज सोडलं की कायद्याने त्याचा साठलेला पगार बुडायचा. म्हणजे तो पळाला तर कप्तानाचे आणि मालकाचे पैसे वाचायचे! कित्येक कप्तान रनरांना डेकवर येऊ द्यायचे ते याच हिशेबाने. बंदरात पडून राहणाऱ्या माणसाला पोसायचं कशाला, पळू दे, निघताना दुसरा घेऊ.

मग बोर्डिंगमध्ये खातं उघडायचं. खाट, जेवण, दारू, बाई, तेलकट कापडाचा सूट, बूट, सगळं उधारीवर आणि सगळ्याचा दर मालकाच्या मर्जीचा. दोन-चार दिवसांत खलाशी इतक्या देण्यात जायचा की जहाजावर चढल्याशिवाय सुटकाच नाही. तेव्हा मालक त्याला एखाद्या निघणाऱ्या जहाजाच्या कप्तानाकडे न्यायचा. करारावर सही झाली की पहिल्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी उचल मिळायची, आणि ती खलाशाच्या हातात न पडता 'घेणेकरी' म्हणून थेट क्रिंपच्या हातात जायची. वर कप्तानाकडून माणशी वेगळी रक्कम. तिला खलाशी 'ब्लड मनी' म्हणत.

आता खलाशी समुद्रावर. पहिले दोन महिने तो राबतो ते आधीच खर्च झालेल्या पैशांसाठी. ब्रिटिश जहाजांवर या काळाला 'मेलेला घोडा' ओढणं म्हणत. उचलीचा काळ भरला की गोणपाट आणि पेंढ्याचा घोडा करून, गाणी म्हणत त्याला वर चढवायचे आणि समुद्रात सोडून द्यायचे. कर्जाचं एवढं मोकळं विडंबन मला दुसऱ्या कुठल्या धंद्यात दिसलं नाही. हे वाचताना मराठी माणसाला ऊसतोडीचा मुकादम आठवेल: बीड-अहिल्यानगरकडच्या जोडप्याला हंगामाआधी एका कोयत्यामागे उचल मिळते, ती लग्नात, आजारपणात कधीच संपलेली असते, आणि मग कारखान्याच्या फडात ती फेडत राहायचं. यंत्र तेच आहे, फक्त इथे फड सोडून पळणाऱ्याला परत आणायला मुकादम स्वतःची माणसं पाठवतो. तिथे ते काम सरकारी मार्शल करायचा.

गुंगीची दारू यात कुठे बसते? टंचाई फार वाढली, भाव फार चढला, आणि बोर्डिंगमधली माणसं संपली, की मग. अफू किंवा क्लोरल घातलेला पेला, बेशुद्ध माणसाच्या नावे कोणीतरी केलेली फुली, आणि पहाटे होडीतून जहाज. अशा माणसांत शेतमजूर, लाकूडतोडे, न्हावी, कोणीही असायचं. कप्तानाला ते परवडायचं नाही, कारण ज्याने जन्मात शीड पाहिलं नाही त्याला वादळात डोलकाठीवर चढवणार कसं? म्हणून भरवशाचा क्रिंप शक्यतो खलाशीच विकायचा. पुन्हा पुन्हा विकता येईल असा.

दंतकथा मात्र मुबलक. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'शांघाय' केली या क्रिंपने म्हणे स्वतःच्या वाढदिवसाची मेजवानी बोटीवर ठेवली, पाहुण्यांना गुंगीची दारू पाजली आणि सगळ्यांना तीन जहाजांवर विकून टाकलं. पोर्टलंडच्या 'बंको' केलीने तंबाखूच्या दुकानापुढचा लाकडी पुतळा पांघरुणात गुंडाळून माणूस म्हणून खपवला. आणखी एक: तळघरात प्रेत टिकवायचं रसायन दारू समजून प्यालेली, मेलेली आणि मरायला टेकलेली माणसं त्याने बेशुद्ध खलाशी म्हणून विकली. या गोष्टी दारूच्या टेबलावर तयार झालेल्या दिसतात. सांगणाऱ्यांत स्वतः 'बंको' केलीही होताच. पोर्टलंडमध्ये आज 'शांघाय बोगदे' म्हणून पर्यटकांना तळघरं दाखवतात. तळघरं खरी आहेत, पण त्यांतून माणसं धक्क्यापर्यंत नेल्याचा त्या काळातला पुरावा इतिहासकारांच्या हाती लागलेला नाही. मला तर बोगद्याची गरजच कळत नाही. ज्या धंद्यातली माणसं भर दिवसा, शहराच्या डोळ्यांदेखत माणूस विकत होती, त्यांना लपायचं कोणापासून होतं? सॅन फ्रान्सिस्कोचे दोन क्रिंप तर कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात निवडून गेले होते.

कायद्याचं काय? 1872 मध्ये अमेरिकेने शिपिंग कमिशनर नेमले: खलाशाने त्यांच्यासमोर, शुद्धीत, करार समजून सही करायची. कागदावर उत्तम. पण उचल तशीच राहिली, त्यामुळे क्रिंप आता शुद्धीतला माणूस घेऊन कमिशनरसमोर उभा राहू लागला. 1884 मध्ये डिंगली ॲक्ट आला आणि त्याने उचलच बंद केली. नातेवाइकांना सोडून कोणाला पगारातून पैसे वळवता येणार नाहीत. हा वार वर्मी होता. बोर्डिंगवाल्यांनी आणि जहाजमालकांनी असा दबाव आणला की दोनच वर्षांत, 1886 मध्ये, दुरुस्ती झाली: 'मूळ घेणेकऱ्या'ला, म्हणजे खाण्यापिण्याचे आणि कपड्यांचे पैसे येणं असलेल्याला, पगारातून रक्कम वळवता येईल. हा मूळ घेणेकरी म्हणजे कोण, हे वेगळं सांगायला नको. पुढच्या दाराने घालवलेला क्रिंप मागच्या दाराने आत आला. कायदा वाचताना मी आजही असाच एखादा उपकलमातला शब्द शोधतो.

आणि मग 'अरागो'चा खटला. प्रश्नाचं खरं उत्तर मला यात दिसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

1895 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रॉबर्ट रॉबर्टसन आणि त्याचे तीन सोबती 'अरागो' या जहाजावर सही करून चढले. जहाज आधी उत्तरेला वॉशिंग्टन राज्यात माल भरणार आणि मग चिलीतल्या वालपराइसोकडे जाणार. वाटेत ओरेगनमधल्या अॅस्टोरियाला हे चौघे काम पसंत न पडल्याने उतरून गेले. कप्तानाने 1790 च्या कायद्याचा आधार घेतला. चौघांना पकडलं, जहाज निघायला तयार होईपर्यंत दोन आठवड्यांहून जास्त तुरुंगात ठेवलं, आणि मार्शलने त्यांना परत डेकवर नेऊन सोडलं. त्यांनी कामाला हात लावायला नकार दिला. सॅन फ्रान्सिस्कोला पोचल्यावर नकाराबद्दल पुन्हा अटक. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. खलाशांचं म्हणणं सोपं होतं: यादवी युद्धानंतर राज्यघटनेत आलेल्या तेराव्या दुरुस्तीने गुलामी आणि इच्छेविरुद्धची चाकरी दोन्ही बंद केली आहे, मग आम्हाला बेड्या घालून कामावर कसं नेता?

25 जानेवारी 1897 ला निकाल लागला. बहुमताने खलाशी हरले. न्यायमूर्ती ब्राउन यांनी लिहिलं त्याचा आशय असा: चाकरी सुरू झाली ती स्वेच्छेच्या सहीने, तेव्हा नंतर ती सक्तीने करून घेतली तरी तिला इच्छेविरुद्धची चाकरी म्हणता येत नाही. शिवाय खलाशांचे करार पूर्वापार अपवादात्मक मानले गेले आहेत, आणि खलाशी हा सामान्य प्रौढाइतका जबाबदार नसल्याने त्याला अज्ञान मुलासारखं सांभाळावं लागतं. म्हणजे सही करताना तो पुरता शहाणा, आणि सोडून जाताना अज्ञान! एकटे न्यायमूर्ती हार्लन विरोधात गेले. खासगी धंद्यासाठी माणसाला धरून, त्याच्या मनाविरुद्ध राबवलं की ती इच्छेविरुद्धची चाकरीच, असं त्यांचं म्हणणं.

'अरागो'च्या चौघांना कोणी दारू पाजली नव्हती. दंडुका नव्हता, फसवी फुली नव्हती. तरी त्यांची अवस्था आणि बेशुद्धीत उचललेल्या न्हाव्याची अवस्था समुद्रावर गेल्यावर सारखीच होती. शब्दाच्या पोटात काय दडलंय ते इथे दिसतं. कसा चढवला यापेक्षा उतरता येतं का, हा प्रश्न मोठा.

याच मुद्द्यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये उलट टोक गाठलं. दिल्लीत आशियाई स्पर्धांसाठी बांधकामं चालू होती आणि मजुरांना किमान वेतन मिळत नव्हतं. पीयूडीआर या लोकशाही हक्कांच्या संघटनेने ते न्यायालयात नेलं. राज्यघटनेच्या 23व्या अनुच्छेदात मानवी व्यापार, बेगार आणि तत्सम सक्तीच्या मजुरीला बंदी आहे. न्यायमूर्ती भगवती यांनी तिथे 'सक्ती' या शब्दाची व्याप्ती वाढवली: शारीरिक बळ किंवा कायद्याचा धाक तर सक्ती आहेच, पण भूक आणि गरिबी माणसाला दुसरा पर्यायच ठेवत नसेल तर तीही सक्ती. आणि किमान वेतनाहून कमी पैशात करून घेतलेलं काम ही बेगारच. त्याआधी 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने उचलीपोटीची चाकरी रद्दबातल केली होती आणि ते कर्जच बुडीत ठरवलं होतं. कागदावर आपण 1897 च्या अमेरिकेच्या फार पुढे आहोत. फडात आणि वीटभट्टीवर किती पुढे आहोत ते तुम्हीच बघा.

अमेरिकेतला शेवट एकदम झाला नाही. अरागोचा निकाल खलाशांच्या संघटनेला प्रचाराला आयताच मिळाला. नॉर्वेत जन्मलेला अँड्र्यू फ्युरुसेथ हा खलाशी पॅसिफिकच्या खलाशी संघटनेचा चिटणीस होता, आणि वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षं खासदारांची दारं ठोठावत होता. 1895 च्या मॅग्वायर ॲक्टने जहाज सोडण्याबद्दलचा तुरुंगवास काढला, पण फक्त किनारी वाहतुकीपुरता. 1898 च्या व्हाइट ॲक्टने अमेरिकी बंदरात जहाज सोडणाऱ्या अमेरिकी खलाशाचा तुरुंगवास काढला आणि घेणेकऱ्याची उचल एका महिन्यावर आणली. 1906 मध्ये माणसाला फसवून किंवा बळाने जहाजावर चढवणं हा स्वतंत्र संघीय गुन्हा झाला. आणि 4 मार्च 1915 ला अध्यक्ष विल्सन यांनी सीमेन्स ॲक्टवर सही केली, तेव्हा जहाज सोडणाऱ्याला अटक करायची तरतूदच गेली. अर्थात तोपर्यंत वाफेच्या बोटींनी अर्धं काम केलं होतं. बोट वेळापत्रकाने चालते, शिडं सांभाळणारे कसबी हात कमी लागतात, आणि कंपनी स्वतःच्या कार्यालयातून भरती करते. क्रिंपचं गिऱ्हाईकच आटलं.

इंग्लंडच्या 'प्रेस गँग'ला बरेच जण याच खात्यात टाकतात. ती वेगळी. तिथे खासगी दलाल नाही, खुद्द राजाचं आरमार. 18 ते 55 वयाच्या दर्यावर्दी माणसाला युद्धकाळात धरून नेण्याचा हक्क त्यांना कायद्यानेच होता, आणि लेफ्टनंट शिपाई घेऊन बंदरात उघडपणे धरपकड करायचा. यावरून 1747 मध्ये बॉस्टनमध्ये मोठी दंगल झाली, आणि अमेरिकी जहाजांवरून माणसं उतरवून नेण्याचा राग 1812 च्या युद्धाच्या कारणांपैकी एक ठरला. नेपोलियनची युद्धं 1815 ला संपली आणि ही प्रथा व्यवहारात थांबली. आपल्याकडची वेठ या प्रकाराला जास्त जवळची: अंमलदाराची स्वारी आली की गावातून ओझ्याला माणसं धरायची. त्यात फसवणूक नाही, उघड जुलूम आहे. म्हणून 'शांघाय होणं'ला मी नुसतं 'वेठीस धरणं' म्हणणार नाही. 'फसवून कामाला जुंपणं' जास्त जवळ जातं. गोष्टीचा अनुवाद करत असाल तर सरळ 'शांघाय केला' ठेवा आणि पहिल्या वेळी अर्धी ओळ खुलासा द्या. वाचक पेलतो.

मुंबईत काय होतं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण सांगायला हवं. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर आपले 'लस्कर', म्हणजे देशी खलाशी, मोठ्या संख्येने होते. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान डेकवर, गोव्याचे लोक भटारखान्यात आणि सलूनमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या जेवणघरात, इंजिनात आगवाले पंजाब आणि सिल्हेटकडचे, अशी ढोबळ वाटणी. भरती सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, आणि दलालाच्या हातात. सारंग आपल्याच गावची, भावकीतली पोरं आणायचा, घरी उचल द्यायचा, मुंबईत ठेवून घ्यायचा आणि पगारातून दस्तुरी, म्हणजे आपला वाटा, कापायचा. इथे दंडुक्याची गरज नव्हती, कारण बोटीवरचा वरिष्ठ आणि गावातला सावकार एकच. शिवाय देशी खलाशांचा करारच निराळा: गोऱ्या खलाशाच्या पगाराचा लहानसा हिस्सा, आणि परदेशी बंदरात उतरून दुसरीकडे काम धरायची मुभा नाही. 1920 मध्ये जिनोआला भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घेण्याच्या धंद्यावर बंदीचा ठराव केला. मुंबईच्या गोदीतून दलाल हटायला त्यानंतरही बराच काळ गेला.

गोवेकरांनी मात्र एक गोष्ट फार हुशारीने केली. दोन बोटींच्या मधल्या दिवसांत खलाशाला स्वस्त खाट लागते, आणि क्रिंपचा सगळा डोलारा त्या एका गरजेवर उभा होता. गोव्याच्या गावांनी मुंबईत, धोबी तलाव आणि माझगाव भागात, आपापले क्लब काढले: कूड. गावचा माणूस नाममात्र वर्गणीत तिथे राहायचा, पत्र्याची ट्रंक ठेवायचा, संध्याकाळी वेदीसमोर रोझरीला हजर राहायचा. खोली गावाच्या मालकीची, म्हणून उधारीचं खातं कोणा बोर्डिंगवाल्याच्या हातात नाही. कोकणातल्या चाकरमान्यांच्या गावकीच्या खोल्याही याच जातीच्या. कूडवर लिहिणारे बहुतेक जण गावाच्या आठवणीत रमतात. मला ती कामगार संरक्षणाची संस्था वाटते, आणि तिचं श्रेय तिला फारसं मिळालेलं नाही.

आता आजचं. सागरी कामगार करार, ज्याला आम्ही एमएलसी 2006 म्हणतो, तो 2013 मध्ये लागू झाला आणि भारताने 2015 मध्ये स्वीकारला. त्याचा गाभा एका वाक्यात: नोकरी लावण्याचा खर्च खलाशाकडून घ्यायचा नाही. त्याने फक्त पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक) आणि ठरलेली वैद्यकीय तपासणी असे स्वतःचे कागद करायचे. भारतात माणसं पुरवणाऱ्या कंपनीला डीजी शिपिंगचा, म्हणजे सरकारी जहाजवाहतूक महासंचालनालयाचा, आरपीएसएल हा खलाशी भरतीचा परवाना लागतो. म्हणून तीन लाख, पाच लाख मागणारा 'एजंट' भेटला, की तो महाग आहे की स्वस्त हा प्रश्नच नाही, तो बेकायदा आहे. जमिनीवरच्या परदेशी नोकरीत नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये आणि जीएसटीपर्यंत शुल्क घेता येतं. ते खलाशाला लागू नाही. हे दोन नियम एकमेकांत मिसळून मुलांना फसवतात.

फसवणुकीची रीत साधारण ठरलेली. मोबाइलवर जाहिरात, नवी मुंबईत एखादं चकचकीत ऑफिस, बनावट किंवा दुसऱ्याच कंपनीचा परवाना क्रमांक, आणि घाई: 'परवा जॉइनिंग आहे, आज पैसे भर.' मुलगा टुरिस्ट व्हिसावर इराण, दुबई किंवा मलेशियाला उतरतो. तिथे जुनाट टँकर किंवा छोटी बोट. करारनामा नाही, असला तर दिलेल्या शब्दाशी जुळत नाही. काही बोटी तेलाच्या तस्करीत असतात, आणि पकडली गेली की तुरुंगात जातो तो हाच, कारण बोटीवर तो सापडतो. मालक कोण हेही त्याला ठाऊक नसतं. घरी मात्र त्या लाखांचं व्याज चालू. क्रिंपच्या काळात उचल दलालाला मिळायची आणि खलाशी फेडायचा. आता खलाशी स्वतःच कर्ज काढून दलालाला आगाऊ देतो. दलालाची केवढी सोय झाली!

दुसरा प्रकार सोडून दिलेल्या जहाजांचा. आयटीएफ या आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या आकड्यांनुसार 2024 मध्ये जगात 312 जहाजांवर 3,133 खलाशी मालकांनी वाऱ्यावर सोडले, त्यांत सर्वाधिक 899 भारतीय होते. यांतले कित्येक रीतसर कराराने चढलेले असतात. पण पगार थांबला, डिझेल संपलं, आणि बंदर उतरू देत नाही, कारण जहाज सांभाळायला कोणीतरी हवं. दोन महिने पगार थकला की एमएलसीनुसार ते 'सोडून दिलेले' ठरतात, आणि 2017 पासून जहाजावर विम्याचं प्रमाणपत्र लावलेलं असणं बंधनकारक आहे. त्यातून चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी परतण्याचा खर्च निघतो. चढल्यावर पहिल्या दिवशी ते प्रमाणपत्र कुठे लावलंय ते बघा आणि त्याचा फोटो काढून घरी पाठवा. नसेल तर ते समजायलाही तोच दिवस बरा.

पासपोर्टबद्दल लोक नेहमी गोंधळतात, म्हणून सांगतो. जहाजावर कप्तान सगळ्यांचे पासपोर्ट आणि सीडीसी स्वतःकडे ठेवतो, ते बंदराच्या कागदपत्रांसाठी असतं आणि मागितल्यावर मिळायला हवं. त्याने घाबरू नका. किनाऱ्यावरच्या एजंटाने 'प्रोसेसिंगसाठी' मूळ पासपोर्ट अडकवून ठेवणं, पैसे पूर्ण दिल्याशिवाय न देणं, हे वेगळं. तसं झालं की तिथेच थांबा आणि पोलिसात जा. सही करण्याआधी करार वाचायला आणि कोणाला दाखवायला वेळ मिळणं हा तुमचा हक्क आहे, सहीची एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. परवाना क्रमांक एजंटाच्या कागदावरून तपासू नका. डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव शोधा, तिथे दिलेल्या नंबरवर फोन करा आणि या मुलाला तुम्हीच घेताय का, एवढं विचारा. बनावट प्रकरणं बहुतेक याच फोनला उघडी पडतात.

शेवटचा प्रश्न, हा शब्द आजच्या फसवणुकीला लावायचा का. पैसे घेऊन एजंट गायब झाला तर ती साधी फसवणूक, 'शांघाय' नव्हे. मुलगा घरीच आहे. म्यानमारच्या म्यावड्डीकडे 'डेटा एंट्री'च्या नोकरीला म्हणून नेऊन, कुंपणामागे कोंडून, ऑनलाइन लुबाडणुकीच्या कामाला बसवलेल्यांना मात्र तो नेमका लागतो. मार्च 2025 मध्ये थायलंडमधल्या माए सोतहून हवाई दलाच्या विमानांनी अशा 549 भारतीयांना परत आणलं. रशियात मदतनीस म्हणून नेऊन लष्कराच्या करारावर सही घेतलेल्या आणि युद्धाच्या आघाडीवर पोचलेल्या मुलांनाही तो लागतो. सीबीआयने मार्च 2024 मध्ये त्यातल्या एजंटांवर गुन्हा नोंदवला. त्या मुलांची अडचण 'अरागो'च्या चौघांसारखीच होती: करारावर सही त्यांचीच होती. भारतीय न्याय संहितेत कलम 143 मानवी तस्करीचं आहे आणि 146 सक्तीच्या मजुरीचं. तक्रार लिहिताना वकिलाला ही दोन्ही कलमं दाखवा. पोलीस ठाण्यात बरेचदा फक्त फसवणुकीचं कलम लावून कागद पुढे सरकवतात, आणि मग 143 मधली जड शिक्षा एजंटाच्या वाट्याला येत नाही. तस्करीच्या कलमात फसवून मिळवलेली संमती ग्राह्य धरली जात नाही, तेव्हा 'सही तुमचीच आहे' या उत्तराला तिथे जागा उरत नाही.